टोइंगच्या गाडीत कोणते ऑइल घालावे

गेल्या पावसाळ्यात एका रात्री कसारा घाटात कांद्याने भरलेले एक पिकअप रस्त्याकडेच्या गटारात उतरले आणि ते काढण्यासाठी आमची गाडी रात्री दहाला नाशिकच्या द्वारका चौकातून निघाली. सकाळी साडेसातला ती परत आली, तेव्हा मीटर जाऊन-येऊन जेमतेम १२० किलोमीटरने पुढे सरकला होता. इंजिन मात्र साडेनऊ तास अखंड चालू होते. त्यांपैकी साडेपाच तास गाडी मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून एकाच जागी उभी होती. कांद्याच्या गोण्या दुसऱ्या गाडीत भरून होईपर्यंत नुसती घरघरत, आणि नंतर पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद विंचला देणारा जोड, लावून विंचचा दोर इंच-इंच ओढत. ऑइलबदलाच्या वहीत त्या रात्रीपुढे मी ‘१२०’ एवढेच लिहिले आणि नंतर तो आकडा खोडला, कारण इंजिनाने किती काम केले याच्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

या धंद्यात मला बरीच वर्षे झाली. आमच्याकडे दोन गाड्या आहेत. एक जुनी, बीएस-३ या धुराच्या सरकारी मानकाच्या काळातली, साध्या यांत्रिक पंपाची आणि टर्बोची. दुसरी २०२१ साली घेतलेली बीएस-६, जिच्या सायलेन्सरच्या जागी काजळी गाळणाऱ्या डीपीएफचे आणि धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या एससीआरचे मोठे डबडे आहे. दोघींवर सरकता फ्लॅटबेड आणि विंच आहे. लोक त्यांना क्रेन म्हणतात, पोलीस टोइंग व्हॅन म्हणतात आणि गॅरेजमध्ये सगळे टोचनची गाडी म्हणतात. ऑइलच्या बाबतीत मी या दोन्ही गाड्यांवर चुका केल्या आहेत आणि त्यांपैकी एक चांगलीच महागात पडली. नव्याने गाडी घेणारे दोघे-तिघे हल्ली वरचेवर विचारतात, “भाऊ, ऑइल कोणतं टाकता?” फोनवर त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

इंजिन जागेवर रिकामे फिरत असले की त्याला विश्रांती मिळते, असा समज आमच्या धंद्यात घट्ट बसलेला आहे आणि अनेक वर्षे मीही तोच धरून होतो. वास्तविक डिझेल इंजिन मंद फिरत असताना सिलिंडरमधील उष्णता पुरेशी राहत नाही, त्यामुळे डिझेल पूर्ण जळत नाही, त्याची काजळी होते आणि न जळलेल्या डिझेलचा काही अंश बोअरच्या भिंतीवरून रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरून ऑइलमध्ये मिसळतो. ऑइलपंपही इंजिनाबरोबरच मंद फिरत असल्याने दाब त्याच वेळी सर्वांत कमी असतो. थोड्या वेळाने पीटीओ जोडला, आरपीएम हजार-बाराशेवर नेला आणि विंचवर दोन-तीन टनांचा भार आला, की परिस्थिती एकदम उलटते. आता इंजिनावर ताण आहे, पण गाडी चालत नसल्याने समोरून वारा लागत नाही आणि ऑइल तापत जाते. सरळ हमरस्त्याने मुंबईला माल नेणाऱ्या ट्रकच्या ऑइलला एका दिवसात यांपैकी एकच काहीतरी सोसावे लागते. आमच्या ऑइलला दोन्ही सोसावे लागते, आणि तेही एकाच रात्रीत चार-चार वेळा.

म्हणून ऑइल निवडताना मी आता दोन प्रश्न वेगवेगळे ठेवतो. ऑइल कोणत्या दर्जाचे आहे हा पहिला आणि ते किती जाड आहे हा दुसरा. गॅरेजमध्ये या दोहोंची सर्रास गल्लत होते, किंबहुना पहिला प्रश्न कोणी विचारतच नाही.

जाडीपासून सुरुवात करतो, कारण माझी पहिली चूक तीच होती. जुन्या गाडीच्या टप्परचा, म्हणजे हेडमधील व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा, आवाज वाढला, तेव्हा जिथे आम्ही वर्षानुवर्षे काम करून घेत होतो तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, सल्ला दिला: “भाऊ, इंजिन जुनं झालं. आता जाड टाका, ट्वेंटी-फिफ्टी (२०डब्ल्यू-५०) टाका, आवाज बसेल.” मी टाकले. आवाज खरोखरच थोडा बसला, दाबाचा काटाही वर दिसू लागला आणि मी खूश झालो. मग जानेवारीत पहाटे पाचला पिंपळगावच्या पुढून फोन आला. त्या आठवड्यात निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या रोज वर्तमानपत्रात येत होत्या. रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी मी चालू केली; ती एका सेल्फमध्ये चालूही झाली, पण ऑइलचा लाल दिवा जिथे एरवी दीड-दोन सेकंदांत विझतो तिथे तो जळतच राहिला. मी मनात मोजत होतो. सहापर्यंत आलो तेव्हा तो विझला, आणि तोवर वरच्या हेडमधून पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा कोरडा खडखडाट येत होता. ते सहा सेकंद रोज पहाटे येत असणार. मी ते मोजले तेवढे त्या दिवशी.

‘१५डब्ल्यू-४०’ या लेबलातील दोन आकडे याच दोन वेळांबद्दल सांगतात. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितके ऑइल थंडीत लवकर वाहते. १५डब्ल्यू या वर्गाच्या ऑइलची चाचणी उणे २० अंशांवर घेतात, तर २०डब्ल्यूची उणे १५ अंशांवर. आता नाशिकला उणे तापमान कुठे असते, असे कोणी म्हणेल आणि ते खरेच आहे. निफाडच्या थंडीतही २०डब्ल्यू ऑइल गोठत नाही, गाडीही बंद पडत नाही. परंतु जाड ऑइल टर्बोच्या आणि हेडच्या टोकापर्यंत पोहोचायला जास्त वेळ घेते, आणि इंजिनाची झीज सर्वाधिक होते ती चालू करतानाच्या याच काही क्षणांत. दुसरा आकडा गरम ऑइलचा आहे. १०० अंश सेल्सिअसला ४० या वर्गाच्या ऑइलची श्यानता, म्हणजे मोजलेली जाडी, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असावी लागते, ५० या वर्गाची १६.३ ते २१.९ च्या दरम्यान.

दाबाचा काटा वर गेल्यावर मी खूश का झालो आणि तो आनंद चुकीचा का होता, हे मला बरेच उशिरा कळले. काटा दाखवतो तो ऑइलला वाटेत होणारा अडथळा. ऑइल जाड असले की अडथळा वाढतो आणि काटा चढतो, पण बेअरिंगमधून प्रत्यक्ष किती ऑइल वाहिले हे त्यावरून समजत नाही. उलट जाड ऑइल त्याच फटीतून कमी वाहते आणि तिथली उष्णता कमी वाहून नेते. झिजलेल्या इंजिनात जाड ऑइल घालणे म्हणजे ताप असताना थर्मामीटर बदलण्यासारखे आहे. आमच्या टप्परच्या आवाजाचे कारण शेवटी टप्परच्या फटीतच निघाले. ती पुस्तकातील मापाप्रमाणे बसवल्यावर तोच आवाज १५डब्ल्यू-४० वरही गेला. चाचांना मी हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले की, फट करायला सांगितली असती तर तुम्ही मजुरीवर घासाघीस केली असती. यावर मला काही बोलता आले नाही.

मग अगदी पातळ, म्हणजे १०डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-३० का घालू नये? नव्या काही इंजिनांसाठी कंपन्या स्वतःच अशी ऑइले सुचवतात, कारण डिझेल वाचते. आपल्या गाडीच्या पुस्तकात तसे लिहिले असेल तर खुशाल घालावे. माझ्या दोन्ही गाड्यांच्या पुस्तकांत १५डब्ल्यू-४० आहे आणि आमच्या कामाला मी तेच योग्य मानतो. प्रचंड भाराखाली आणि १५० अंशांच्या उष्णतेत, बेअरिंगच्या फटीत ऑइलचा पडदा किती टिकतो याची एक वेगळी चाचणी असते, तिला एचटीएचएस म्हणतात. १५डब्ल्यू-४० ऑइलला तिथे किमान ३.७ हा आकडा गाठावा लागतो. १०डब्ल्यू-४० ला किमान ३.५ चालतो आणि ३० वर्गाला त्याहूनही कमी. विंचवर भार घेऊन वाऱ्याविना उभ्या असलेल्या गाडीत, डिझेल मिसळून आधीच थोडे पातळ झालेले ऑइल असताना, हा दशांशाचा फरक मला मोलाचा वाटतो. डब्यावर दर्जाच्या जागी एफए-४ असे लिहिलेले ऑइल मात्र, कितीही नवे आणि महाग असले तरी, पुस्तकात त्याचे नाव असल्याखेरीज घेऊ नये. ते मुद्दाम पातळ ठेवलेले आहे आणि जुन्या इंजिनांसाठी बनवलेलेच नाही.

आता दर्जाचा प्रश्न, जो मला खरा महागात पडला. ऑइलच्या डब्यावर मागच्या बाजूला, बहुधा मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, ‘एपीआय’ या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या नावापुढे दोन अक्षरे आणि एक आकडा असतो. पहिले अक्षर एस असेल तर ते पेट्रोल इंजिनाचे, सी असेल तर डिझेलचे. पुढचे अक्षर जितके पुढचे तितका दर्जा नवा. सीएफ-४ हा १९९० सालचा दर्जा आहे. सीएच-४ १९९८ चा. सीआय-४ २००२ चा. सीजे-४ २००६ चा आणि सीके-४ डिसेंबर २०१६ चा. आपल्याकडील रस्त्याकडेच्या दुकानांत आजही सीएफ-४ लिहिलेले डबे दिसतात आणि समोर घोड्याचे नाहीतर वाघाचे चित्र असल्याने ते खपतातही. ते डबे खोटे नाहीत, फक्त तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या इंजिनांसाठी आहेत.

एका दर्जाकडून दुसऱ्याकडे जाताना नेमके काय बदलले, हे समजले की निवड सोपी होते. सीआय-४ आले ते ईजीआर असलेल्या इंजिनांसाठी. ईजीआरमध्ये जळालेल्या धुराचा काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये पाठवला जातो. त्यामुळे नायट्रोजनची घातक ऑक्साइडे कमी होतात, पण ऑइलमध्ये काजळी आणि आम्ल दोन्ही वाढतात. म्हणून ती काजळी एकत्र गोळा न होऊ देता तरंगत ठेवणारी आणि आम्ल मारणारी द्रव्ये सीआय-४ मध्ये भरपूर असतात. ऑइलबदलानंतर दोन दिवसांतच डिपस्टिक काळी दिसली म्हणून “ऑइल खराब निघालं” असे म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की, ते काळे पडले याचा अर्थ काजळी ऑइलमध्ये आहे, इंजिनाला चिकटलेली नाही. डिझेल इंजिनात स्वच्छ राहणाऱ्या ऑइलचीच मला जास्त भीती वाटते.

सीजे-४ आणि सीके-४ यांचे कारण वेगळे आहे. बीएस-६ गाडीतील डीपीएफ ही सच्छिद्र भिंतींची जाळी आहे. ती धुरातील काजळी अडवते आणि ठरावीक काळाने सहाशे अंशांच्या आसपास तापवून ती काजळी जाळून टाकते. काजळी जळून जाते, पण राख जळत नाही. ही राख येते ऑइलमधून, कारण आम्ल मारणाऱ्या आणि झीज रोखणाऱ्या द्रव्यांत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि जस्त हे धातू असतात, आणि सिलिंडरमध्ये थोडेफार ऑइल जळतेच. म्हणून या दोन दर्जांत सल्फेटेड राखेला १ टक्क्याची मर्यादा घातली आहे, तसेच गंधक ०.४ टक्के आणि फॉस्फरस ०.१२ टक्क्यांपर्यंतच ठेवायचा असतो. सीआय-४ ला राखेची अशी मर्यादा नाही.

आणि मी काय केले? २०२१ साली नवी गाडी आली, तेव्हा जुन्या गाडीसाठी घेतलेला सीआय-४ प्लस ऑइलचा २१० लिटरचा ड्रम शेडमध्ये अर्ध्याहून अधिक भरलेला होता. कंपनीकडील मोफत सर्व्हिसेस संपताच मी त्याच ड्रममधून नव्या गाडीत ऑइल भरले. दोन्ही डिझेल, दोन्ही १५डब्ल्यू-४०, मग फरक काय, असा माझा हिशेब होता. त्यात भर म्हणजे डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की उभ्या गाडीत ती जाळणी पूर्ण करण्याऐवजी चालक फोन आला म्हणून मध्येच गाडी काढत. ज्या इंजिनांत या जाळणीसाठी सिलिंडरमध्येच उशिरा जादा डिझेल सोडले जाते, तिथे जाळणी अर्धवट राहिली की ते डिझेल ऑइलमध्ये उतरते. एके दिवशी मी सवयीने डिपस्टिक काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होते. ऑइल कमी झालेले मी शंभर वेळा पाहिले होते; वाढलेले प्रथमच पाहत होतो. बोटांवर घेऊन चोळले तर ते पाण्यासारखे निसटत होते आणि नाकाजवळ नेताच डिझेलचा वास आला. ते ऑइल त्याच दिवशी काढून टाकले. डीपीएफ मात्र पुढे सहा-सात महिन्यांनी उतरवून साफ करून घ्यावा लागला. त्यात माझ्या ऑइलच्या राखेचा वाटा किती आणि अर्धवट जाळण्यांचा किती, हे कोणी वेगळे करून सांगू शकले नाही, पण बिल एकच आले.

त्या बिलानंतर मी एक साधी गोष्ट शिकलो, जी डब्याच्या पाठीवर आधीपासून छापलेली होती. सीके-४ ऑइल सीआय-४, सीएच-४ मागणाऱ्या जुन्या इंजिनांनाही चालते. उलटे मात्र चालत नाही. म्हणजे दोन गाड्यांसाठी एकच ड्रम ठेवायचा माझा विचार चुकीचा नव्हता, ड्रम चुकीचा होता. आता दोन्ही गाड्यांत सीके-४, १५डब्ल्यू-४० जाते. लिटरमागे काही रुपये जास्त पडतात. त्या बदल्यात चालकाने अंधारात कुठलाही डबा उचलला तरी चूक होत नाही, आणि याची किंमत रात्री दोनला चांदवडच्या पुढे राहूड घाटात उभे असताना कळते.

जुन्या गाडीबाबत एक शंका मला बरेच दिवस छळत होती. नव्या दर्जाच्या ऑइलात आम्ल मारण्याची ताकद, म्हणजे टीबीएन, साधारणपणे सीआय-४ पेक्षा थोडी कमी असते. मग जुन्या इंजिनाला ती पुरेल का? उत्तर डिझेलमध्ये आहे. गंधक जळून आम्ल होते, आणि आपल्या डिझेलमधील गंधकाचे प्रमाण बीएस-२ च्या काळात ५०० पीपीएम (दहा लाखांत ५०० भाग), बीएस-३ ला ३५०, बीएस-४ ला ५० आणि १ एप्रिल २०२० पासून अवघे १० पीपीएम झाले आहे. गाडी जुनी असली तरी टाकीत पडणारे डिझेल आजचेच असते. ज्या शत्रूसाठी एवढा दारूगोळा लागत होता, तोच निघून गेला आहे.

सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने बनवलेले) की मिनरल (साधे खनिज तेलाचे), हा वाद चहाच्या टपरीवर तासभर सहज चालतो. मी तो दोन वाक्यांत संपवतो. सिंथेटिक ऑइल थंडीत लवकर वाहते आणि टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगमध्ये जळून कोळसा होण्याला अधिक विरोध करते, हे खरे आहे. पण आमचे ऑइल बाद होते ते डिझेल आणि काजळी मिसळून, आणि या दोन गोष्टी महाग ऑइलातही तितक्याच मिसळतात, म्हणून जास्त दिवस टिकेल या आशेने सिंथेटिक घेण्यापेक्षा मी योग्य दर्जाचे मिनरल घेऊन ते लवकर बदलतो. टर्बोसाठी आमच्याकडे एकच सक्त नियम आहे: घाट चढून आल्यावर वा विंचचे काम झाल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही, दोन मिनिटे रिकामी फिरू द्यायची. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखभर फेरे घेत असतो. इंजिन बंद होताच त्याला ऑइल मिळणे थांबते, फिरणे मात्र लगेच थांबत नाही.

‘लवकर’ म्हणजे किती, हे तासांवर ठरवावे लागते. जेसीबी, जनरेटर, रोलर अशा यंत्रांचे ऑइलबदल त्यांच्या पुस्तकांत तासांवरच दिलेले असतात, २५० तास किंवा ५०० तास असे; किलोमीटर मोजण्याचा तिथे प्रश्नच येत नाही. आमची गाडी अर्धी ट्रक आणि अर्धी जनरेटर आहे. उभ्या इंजिनाचा एक तास म्हणजे रस्त्यावरचे ४० ते ५० किलोमीटर असा ढोबळ हिशेब गाड्यांचे ताफे सांभाळणारे लोक धरतात. त्या हिशेबाने कसारा घाटातील त्या रात्रीचे १२० किलोमीटर प्रत्यक्षात साडेतीनशे ते चारशेच्या घरात जातात. नव्या गाडीत इंजिनाचे तास स्क्रीनवरच दिसतात. जुन्या गाडीत मी एक तासमीटर बसवून घेतला. पुस्तकातील किलोमीटर आणि २५० तास यांपैकी जे आधी भरेल तेव्हा मी ऑइल काढतो, आणि आजवर एकदाही किलोमीटर आधी भरलेले नाहीत.

मध्येच शंका आली तर टीपकागदाची परीक्षा करतो. गाडी फिरून आल्यावर गरम डिपस्टिकच्या टोकाचा एक थेंब टीपकागदावर सोडायचा, कागद खाली टेकू नये म्हणून वाटीच्या तोंडावर ठेवायचा आणि रात्रभर तसाच राहू द्यायचा. ऑइल अजून कामाचे असेल तर सकाळी एकसारखा राखाडी डाग दिसतो आणि त्याची कड हळूहळू विरत गेलेली असते. मध्ये काळाकुट्ट गोळा आणि त्याला धारदार कड दिसली, तर काजळी तरंगत ठेवण्याची ताकद संपलेली आहे. डागाच्या बाहेर फिकट, उजेडात धरल्यास तेलकट पारदर्शक दिसणारे कडे पसरले असेल, तर डिझेल उतरले आहे. माझ्या वहीत असे डाग तारखांसह चिकटवलेले आहेत. घरी मुलांना ती ग्रहणांची चित्रे वाटतात. प्रयोगशाळेतून ऑइल तपासून घेतल्यास लोखंड किती, सिलिकॉन किती हेही कळते. सिलिकॉन वाढलेले निघाले तर ते धुळीचे असते. आधी एअर फिल्टर आणि त्याच्या नळ्यांचे क्लॅम्प पाहावेत, कारण कितीही चांगले ऑइल धूळ दळून काढू शकत नाही. सिंहस्थाच्या निमित्ताने शहराच्या चहूबाजूंनी रस्ते खणले जात असल्याने एअर फिल्टर आम्ही आता दर आठवड्याला उघडून पाहतो.

खरेदीबद्दल थोडेसे. सर्वो, एचपी, मॅक, कॅस्ट्रॉल, गल्फ, शेल, व्हॅल्व्होलिन किंवा गाडीच्या कंपनीचे स्वतःचे ऑइल, यांपैकी कोणतेही घ्यावे. दर्जा आणि जाडी बरोबर असेल आणि पुस्तकात गाडीच्या कंपनीची खास मान्यता मागितली असेल तर ती डब्यावर असेल, एवढे पाहिले की नावावरून भांडण्यात अर्थ नाही. भांडावे ते खरे-खोटे यावरून. एकदा एका दुकानातून मी नेहमीपेक्षा बऱ्याच स्वस्तात २० लिटरची बकेट आणली होती. झाकण उघडले तर खालचे फॉइल एका बाजूने सुटलेले आणि पुन्हा गोंदाने बसवलेले दिसले. ऑइलचा रंग ठीक होता, वासही ठीक होता, पण ते मी इंजिनात घातले नाही. विंचच्या साखळ्यांना लावून संपवले. तेव्हापासून अधिकृत वितरकाकडून पक्क्या बिलावरच घेतो, बॅच आणि तारीख वहीत उतरवतो, आणि रिकामी बकेट भंगारात देण्यापूर्वी तिला तळाशी ड्रिलने दोन भोके पाडतो, म्हणजे तीच बकेट सुटे ऑइल भरून पुन्हा कोणाच्या शेडमध्ये येत नाही.

बदलताना गाडी सपाट जागी आणि ऑइल गरम असावे, फिल्टर दर वेळी नवा असावा आणि ड्रेन नटाचा तांब्याचा वॉशरही नवा असावा. ऑइल डब्याच्या मापावर न भरता डिपस्टिकच्या खुणेवर भरावे आणि इंजिन मिनिटभर फिरवून, बंद करून, दहा मिनिटांनी पुन्हा पाहावे. खुणेच्या वर गेलेले ऑइल क्रँकच्या फटकाऱ्याने फेसाळते, आणि फेसाला बेअरिंग पेलत नाही. फ्लॅटबेडच्या हायड्रॉलिक टाकीचे ऑइल वेगळे असते, आमच्याकडे व्हीजी-६८ या जाडीचे; इंजिनाचे उरलेले ऑइल तिथे ओतण्याचा मोह टाळावा. काढलेले काळे ऑइल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे लागते. नासर्डीत सोडलेले कोणी पाहत नाही, असे समजणाऱ्यांनी पावसाळ्यातील पहिल्या पुराच्या दिवशी पुलावर उभे राहून पाण्यावरचा रंग पाहावा.

नव्या गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूस मी पांढऱ्या मार्करने लिहून ठेवले आहे: ‘सीके-४, १५डब्ल्यू-४०. मागील बदल ४,११२ तास. पुढील ४,३६२.’ काल रात्री गाडी घोटीहून एक कार घेऊन आली, तेव्हा स्क्रीनवर ४,३५० होते. रविवारी फिल्टर आणून ठेवायला हवा.